ठमीचं पथ्यपाणी

माझी जीभ ही साधीसुधी जीभ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे जे झालं त्याचा सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी येणार नाही. अर्धा जिभेच्या माथी जाईल.

बिस्किटांच्या कारखान्यात मी उभी हयात चव बघण्यात घालवली. चवपरीक्षक. तुम्ही हसाल, पण आमच्या कारखान्यात मालकाच्या सहीपेक्षा माझ्या जिभेला मान होता. नियमच होता तसा: आधी जीभ, मग शिक्का. मी तुकडा तोडून चावायचो, डोळे मिटायचो आणि 'जाऊ द्या' म्हणायचो, तेव्हा कुठे खोकी बाहेर पडायची. एकदा एका बिस्किटावरून मी सांगितलं, पीठ मळणारा गडी आज बायकोशी भांडून आलाय. चौकशी झाली. भांडण झालेलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी तो घरी गेला आणि झालं. जीभ जरा पुढे धावली होती इतकंच.

तर अशा जिभेच्या माणसाकडे एक मांजर सोपवण्यात आलं.

मुलाने घर बदललं. नवीन घरमालकाची अट, घरात जनावर चालणार नाही. आणि मुलाच्या घरात ठमी नावाची मांजर होती. राखाडी रंगाची, एक कान मुडपलेला, आणि चेहरा असा की आपण काहीही विचारलं तरी 'साहेब जेवायला गेलेत, उद्या या' असं सांगेल. ठमी माझ्या नातीचा जीव की प्राण. मग तिचं करायचं काय? दूरच्या गावातल्या कुणी अनोळखी बाई मांजर न्यायला तयार होत्या. मी म्हणालो, "अनोळखी बाई कशाला? ओळखीचा आजोबा काय मेलाय?"

सूनबाई शाळेत परीक्षेचं काम बघते. काठावर पास करणं तिच्या रक्तात नाही.

"ठीक आहे बाबा," ती म्हणाली. "आम्ही आठवडाभर सामान हलवतोय. तोवर ठमी तुमच्याकडे. आज दवाखान्यात वजन करून आणलंय. पुढच्या रविवारी आम्ही परस्पर दवाखान्यात येतो, तुम्ही तिला घेऊन या. वजन टिकलं, तर ठमी कायमची तुमची. घटलं, तर मी त्या बाईंना फोन करणार."

"अगं, मी माणसं वाढवली आहेत. हे तर मांजर!"

"त्याचीच भीती वाटते. आपल्या ताटातलं काही म्हणजे काही द्यायचं नाही. हे पिशवीतले दाणे द्यायचे, बस."

नात ठमीला पोटाशी धरून उभी होती. निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, तिला बारीक होऊ देऊ नका हं." आणि रडायचं नाही असं ठरवलेली माणसं जशी नाक ओढतात तसं तिने नाक ओढलं. आता सांगा, यानंतर माणूस वाघीण पाळायलाही तयार होईल की नाही?

पण आमच्या इमारतीत वाघीण काय, पोपट आणायचा तरी सेक्रेटरीची परवानगी लागते. सेक्रेटरी आमच्या शेजारीच राहतात. एकटे. आमची मागची गॅलरी आणि त्यांची गॅलरी यांच्यामध्ये गुडघाभर उंचीची भिंत. सगळी इमारत त्यांना पाठीमागे 'पोटकलम' म्हणते, कारण साधं 'पाऊस पडतोय' म्हटलं तरी ते 'कोणत्या कलमाखाली?' असं बघतात. आमच्या हिने कांदा परतायला घेतला की पोटकलम गॅलरीत येऊन उभे. भिंतीवर हात टेकून, डोळे मिटून, कांदा चांगला लाल होईपर्यंत उभे राहायचे आणि मग खाली जाऊन सूचनाफलकावर चिठ्ठी लावायचे, 'स्वयंपाकाचे वास सामाईक जागेत सोडू नयेत.' त्यांच्या घरातून मात्र कधी कसलाही वास आला नाही. हा माणूस जेवतो की नुसत्या सह्या करून पोट भरतो, अशी मला शंका होती.

मी परवानगी मागायला गेलो.

"मांजर पाहुणा आहे की रहिवासी?" पोटकलम.

"आठवडाभर पाहुणी आहे. पुढचं वजनावर."

"वजनावर म्हणजे?"

"ते सोडा हो. पाहुणी लिहा."

"पाहुण्यांच्या नोंदीत व्यवसायाचा रकाना आहे."

"झोप."

त्यांनी खरोखर 'झोप' लिहिलं. मग बराच वेळ पेन हवेत धरून बसले. एका आठवड्याच्या परवानगीचा नमुनाच त्यांच्याकडे नव्हता. शेवटी जो होता त्यावरच त्यांनी शिक्का मारला: 'पुढील आदेश होईपर्यंत परवानगी देण्यात येत आहे.' आणि मला बजावलं, "लक्षात ठेवा, एखादा आदेश लेखी रद्द होत नाही तोवर तो लागू असतो. माझं सगळं आयुष्य या एका तत्त्वावर उभं आहे."

मी मान डोलावली. माणसाचं आयुष्य कशावर उभं आहे ते आपण विचारायला जात नाही. खाली काय गाडलेलं निघेल सांगता येत नाही.

ठमीने घरात पाऊल टाकलं, सगळ्या खोल्या बघितल्या, माझ्या आरामखुर्चीत बसली आणि ती खुर्ची त्या क्षणापासून माझी राहिली नाही. इथवर माझी तक्रार नव्हती. संध्याकाळी वाटीत दाणे घातले. ठमीने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग मागच्या गॅलरीत निघून गेली.

आता कारखान्यातली सवय. एखादा माल परत आला की आम्ही गिऱ्हाइकाला दोष देत नसू, आधी माल तपासायचो. आधी जीभ, मग शिक्का. मी एक दाणा उचलला. इकडे तिकडे बघितलं. ही स्वयंपाकघरात होती. टाकला तोंडात.

खोटं कशाला बोलू? भाजणी उत्तम होती. खुसखुशीतपणा असा की आमच्या कारखान्याच्या चांगल्या काळातही क्वचित साधायचा. सुरुवातीला जरा मातकट, मधे धान्य आणि शेवटाला मासा. तो शेवट नीट कळावा म्हणून मी आणखी दोन खाल्ले. मग वाटलं, वाटीतल्या सगळ्याच दाण्यांची भाजणी सारखी आहे का? नमुना एका कोपऱ्यातून घेऊन चालत नाही, हे तर आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे. थोडे चहात बुडवूनही बघितले. मऊ पडत नाहीत लवकर. मोठा गुण आहे तो.

तपासणी संपली तेव्हा वाटी रिकामी होती.

ही बाहेर आली, वाटी बघितली आणि तिचा चेहरा फुलला. "अहो, खाल्लं की तिने! उगीच काळजी करत होता." आणि मी तोंड उघडायच्या आत, म्हणजे उघडण्यासारखं नव्हतंच, तोंडात शेवटचा दाणा होता, हिने सुनेला फोन लावला. "पोटभर खाते हो! वाटी चाटून पुसून!"

झालं. आता खरं सांगावं तर बिस्किटांच्या दुनियेत जिचा दरारा होता त्या जिभेची अब्रू जाते. आणि न सांगावं तर मांजर उपाशी आहे हे जगात फक्त मला आणि मांजराला माहीत. मांजर बोलणार नव्हतं. मी ठरवलं, उद्या ती खाईल, मग वेगळं सांगायची गरजच उरणार नाही. जगातले सगळे घोटाळे याच वाक्याने सुरू होतात.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी दाणे घातले, ठमीने पाठ फिरवली. मी ते परत पिशवीत ओतायला गेलो तर ही समोरून आली, "अय्या, काढून का घेताय?" म्हणून पुन्हा ठेवले, आणि ही नजरेआड झाल्यावर ते कुठेतरी जायला हवेत, म्हणून गेले. कुठे ते तुम्हाला माहीत आहे. माझा नाइलाज होता. चहाची वेळही होती.

समोरच्या बाईंना, म्हणजे समोरच्या दारात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंना, मी जिन्यात गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो बाई, मांजर खात नसेल तर काय करतात?"

बाईंनी जन्मात मांजर पाळलेलं नाही. पण माहिती नाही म्हणून उत्तर द्यायचं थांबल्या, तर त्या शिक्षिका कसल्या?

"दूध द्या," बाई म्हणाल्या. "मांजर म्हटलं की दूध. पहिलीच्या पुस्तकात चित्र असतं."

"पण सून म्हणते..."

"सून कितवी शिकली आहे?"

मी दूध दिलं. कोमट करून, चव बघून. आणि आश्चर्य म्हणजे ठमी प्यायली! चांगली लपालपा प्यायली. मला इतका आनंद झाला की मी बाईंच्या दारावर थाप मारून आभार मानून आलो. परत येईपर्यंत ठमी माझ्या इस्त्रीच्या पँटवर जाऊन बसली होती. त्यानंतर काय झालं ते सभ्य वाचकांपुढे सांगत नाही. फक्त एवढं सांगतो की ती पँट आता नाही, तिच्याखालची गादीची खोळ आता नाही, आणि त्या खोलीत आम्ही दोघं बराच काळ नाकाला रुमाल लावून वावरत होतो.

"बाई, तुमच्या दुधाने घात केला!"

"म्हशीचं होतं का?" बाई थंडपणे म्हणाल्या. "मी कुठलं ते सांगितलं नव्हतं. मग आता चीज द्या. नाहीतर द्राक्षं. आमच्या मावशीचं मांजर द्राक्षं खायचं."

"जगलं का?"

"मावशी गेली त्याच वर्षी. मांजराचं काही कळलं नाही."

शेवटी मी गुपचूप दवाखान्यात फोन लावला. तिथली डॉक्टरीण वयाने लहान, आवाजाने मोठी.

"काय दिलंत तिला?"

"थोडं दूध."

"मग आता निस्तरत असाल."

"हो."

"मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही. चित्रात पितात, पण चित्रातल्या मांजराचं कुणाला निस्तरावं लागत नाही. अजून काय दिलंत? कांदा, लसूण?"

"नाही हो."

"द्यायचा नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, वाटून नाही, पूड नाही, रश्श्यात नाही. रक्त बिघडतं मांजराचं. कळलं? द्राक्षं, बेदाणे नाहीत. चॉकलेट नाही. चहा-कॉफी नाही. दारू नाही."

"दारू मी मांजराला कशाला देईन?"

"लोक देतात. मळलेलं कच्चं पीठ नाही. शिजलेली हाडं नाहीत."

"मग चालतं तरी काय?"

"तिचे दाणे. तेच तिचं जेवण. वरचं म्हणून थोडी उकडलेली कोंबडी, हाड काढून. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. नाहीतर उकडलेलं अंडं, जरासं."

"असं बेचव खाणं जगात कोण खातं?"

"मांजर," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ऐका, ती खरंच काहीच खात नसेल, तर वाट बघत बसू नका, आजच आणा. मांजराला उपास झेपत नाही, लिव्हर बिघडतं. शी करते का?"

या बाबतीत ठमी वक्तशीर होती. दुधाचा उत्पात ओसरल्यावरही तिच्या पेटीत रोजचा ऐवज चोख पडत होता. मी तसं सांगितलं.

"मग ती खाते आहे. कुठेतरी. तिच्यावर नजर ठेवा, आणि उद्यापर्यंत पत्ता लागला नाही तर घेऊनच या."

कुठेतरी! हे ऐकून माझा जीव थाऱ्यावर यायचा सोडून आणखी वर चढला. कुठेतरी म्हणजे कुठे? काय? ही आख्खी इमारत कांदा, लसूण, द्राक्षं आणि चॉकलेटं यांनी ठासून भरलेली. दारू तर वरच्या मजल्यावर आहेच. मी दारोदार हिंडलो. बाईंनी कबूल केलं की त्यांनी चीजही दाखवलं होतं आणि द्राक्षंही. "पण हुंगलंसुद्धा नाही मेलीने. शिस्त नाही."

पोटकलमांचं दार वाजवलं. त्यांनी ते फक्त नाक बाहेर येईल इतकंच उघडलं.

"साहेब, आमच्या मांजराला तुम्ही काही खायला घालता का?"

"नियमात बसत नाही," म्हणाले आणि दार लावलं. आता मागे वळून बघताना लक्षात येतं, हे उत्तर नव्हतंच. पण सरकारी भाषेचा हाच तर फायदा. ऐकणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ठमीवर नजर ठेवली. ठमीनेही माझ्यावर ठेवली. असे आम्ही समोरासमोर बसलो असताना, दुपारी कधीतरी, आमच्यापैकी एकाला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा ठमी गॅलरीतून पाय मोजत येत होती, मिशा पुसत. पोट टम्म. म्हणजे खाणं सापडलं नाही, पण खाल्ल्याचा पुरावा सापडला. डॉक्टरणीला तसं कळवलं, तर ती म्हणाली, "तरतरीत आहे ना? मग रविवारी आणा, पण शोधत राहा."

शोध काही लागेना. मी स्वतः कोंबडी उकडली. बिनमिठाची. चव घेतली आणि डोळ्यांत पाणी आलं. ओला पुठ्ठा चावल्यासारखं. ठमीसमोर ठेवली. तिने एक घास घेतला, 'बरी आहे, पण घरच्यासारखी नाही' अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि गेली. माझ्या हातच्या स्वयंपाकाचा असा अपमान आजवर फक्त एका व्यक्तीने केला होता, आणि तिच्याशी माझं लग्न झालेलं आहे. ती मात्र इकडे रोज सुनेला फोनवर सांगत होती, "दाण्यांची पिशवी संपत आली बघ! काय गोड खाते!"

आणि रविवार उजाडला.

मुलगा, सून, नात दवाखान्यातून जेवायलाच येणार होते. म्हणून हिने भल्या सकाळी कोंबडीचा रस्सा टाकला. कांदा सढळ हाताने, लसूण त्याहून सढळ. हिच्या हातचा रस्सा म्हणजे काय सांगावं! त्याच्या वासाने एकदा भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं होतं. रस्सा उकळला, हिने नेहमीप्रमाणे नमुन्यादाखल मला वाटी दिली आणि मी ती निवायला गॅलरीतल्या भिंतीवर ठेवली. तेवढ्यात सुनेचा फोन, "बाबा, आम्ही निघालो." मी आत जाऊन बोललो. बाहेर आलो.

वाटी रिकामी. रिकामी म्हणजे कशी? चाटून, पुसून, आरशासारखी. आणि वाटीशेजारी भिंतीवर ठमी बसलेली. जिभेने मिशा चाटत.

कच्चा नाही, शिजवलेला नाही, रश्श्यात नाही! रक्त बिघडतं!

"अगं ए!" मी ओरडलो. "हिने कांदा खाल्ला!"

"मग? चांगला झालाय ना?" ही आतून म्हणाली.

पुढचं मला तुटक आठवतं. ठमीला भाजीच्या पिशवीत घातली. मुडपलेला कान बाहेर राहिला. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात हिची, आणि मागून गॅस बंद करून ही. जिन्यात बाई भेटल्या आणि आरडाओरडा ऐकून विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. बाई मागोमाग निघाल्या, "मी साक्षीला येते. द्राक्षं मी नुसती दाखवली होती, हे लिहून घ्या!" सबंध रस्ता त्या पिशवीतून ठमी असं काही ओरडत होती की लोक बाजूला होऊन वाट देत होते. मला वाटलं, विष भिनलं. आता वाटतं, तिला फक्त चालण्याचा वेग आवडला नव्हता.

दवाखान्याच्या दारात मुलगा, सून आणि नात उभी. नातीने ठमीसाठी कसलीशी चेंडूसारखी वस्तू आणली होती, ती हातात.

मी डॉक्टरणीच्या टेबलावर पिशवी ठेवली आणि जे काही होतं ते एका दमात ओकलो. रस्सा, वाटी, कांदा, लसूण, माझा फोन, माझी चूक. सूनबाईचा चेहरा परीक्षेचा निकाल लावतानाचा झाला. नात माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर परवडलं असतं. तिने फक्त विचारलं, "आजोबा, तुम्ही तिथे नव्हता?"

मी पिशवीत हात घालून ठमीला बाहेर काढलं.

डॉक्टरणीने आधी ठमीला वजनकाट्यावर ठेवलं, कारण औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. काट्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"हिचं वजन वाढलंय," ती म्हणाली. "चांगलंच."

"मी म्हटलं नव्हतं?" ही अभिमानाने म्हणाली. "आख्खी पिशवी संपवली तिने."

"ते मागाहून. कांदा किती होता?" डॉक्टरीण सुई भरत म्हणाली. "उलटी करवावी लागेल. मग रक्त तपासायचं. धरा तिला."

नातीने ठमीचे पुढचे पाय धरले. मी दुसरीकडे बघितलं. आणि मी जिकडे बघितलं तिकडून दारातून पोटकलम आत आले. धापा टाकत, घामाघूम, आणि काखेत सवयीने फाइल.

"थांबा!" पोटकलम म्हणाले. "सदर मांजराने सदर रस्सा खाल्लेला नाही."

सगळे थांबले. ठमीसुद्धा.

"तुम्हाला कसं माहीत?" सूनबाई.

"मी प्रत्यक्ष हजर होतो."

"मग वाटी कोणी रिकामी केली?"

पोटकलमांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "ते सांगणं बंधनकारक आहे का?"

"मी सुई टोचणार आहे तिला," डॉक्टरीण म्हणाली.

"मी," पोटकलम म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की पुन्हा म्हणावं लागलं. "मी खाल्ला. भिंतीपलीकडून हात आला... म्हणजे माझाच हात. तो मी थांबवू शकलो नाही." आणि त्यांनी मान खाली घातली. तेव्हा आम्हाला दिसलं की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दुसऱ्या बटणाच्या जरा खाली, हिच्या रश्श्याचा लालभडक शिक्का उमटलेला आहे. त्यांच्या आयुष्यातला बहुधा पहिला बेकायदेशीर शिक्का.

"आणि ठमी मिशा चाटत होती ती?" मी विचारलं.

"ती माझं जेवण जेवत होती. रोजच जेवते. पहिल्या दिवशी भिंत ओलांडून आली, ताटात बघितलं आणि बसली. हाकलण्यासाठी लेखी सूचना द्यावी लागते आणि तिला वाचता येत नाही."

"काय असतं तुमच्या ताटात?" डॉक्टरणीची सुई अजून हातातच.

"उकडलेली कोंबडी. हाड नाही. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही. एखादे वेळी उकडलेलं अंडं."

डॉक्टरणीने सुई खाली ठेवली. ठमीचं तोंड उघडून वास घेतला, डोळे तपासले आणि हसायला लागली. "कांद्याचा मागमूस नाही. आख्ख्या इमारतीत मांजराला चालेल असं एकच स्वयंपाकघर आहे आणि तिने ते पहिल्याच दिवशी शोधून काढलं. पण नुसत्या कोंबडीवर भागत नाही हं, दाणे सुरू करा. आणि अहो, तुम्ही असं का जेवता? काही आजार?"

"होता. पोटाचा. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, पुढील आदेश होईपर्यंत."

"कधी?"

पोटकलम आठवायला लागले आणि आठवता आठवता त्यांचे केस का पांढरे झाले ते आमच्या लक्षात आलं. "बरीच वर्षं झाली. पोट तर महिन्याभरातच बरं झालं."

"मग पथ्य का नाही सोडलं?"

"आदेश आला नाही. आणि ते डॉक्टर निवृत्त होऊन गेले."

बाईंनी स्वतःहून त्यांना खुर्ची सरकवून दिली, यावरून काय ते समजा. ही पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊजी, आज आमच्याकडे जेवायला या. नीट ताट वाढते. भिंतीवरून नको."

"माझी हरकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मी जनावरांची डॉक्टर, तरी उद्या माणसांच्या डॉक्टरांना दाखवाच. आज मात्र बेताने खा."

"हे लेखी मिळेल का?" पोटकलम म्हणाले. तिने खरंच लिहून दिलं.

नातीने आईचा पदर ओढला. "वजन टिकलंय ना? मग ठमी राहणार ना?"

सूनबाई हट्टी. "पण परवानगी आठवड्याचीच होती ना? आता सेक्रेटरीसाहेब..."

"परवानगी पुढील आदेश होईपर्यंत आहे," पोटकलम ताठ उभे राहत म्हणाले. सदऱ्यावरचा डाग छातीवरच्या पदकासारखा चमकला. "आदेश मी काढतो. आणि मी तर आता जेवायला चाललोय."

नातीने ठमीला असं काही कवटाळलं की तिचा दुसरा कानही मुडपला. मीही डोळे पुसायच्या तयारीत होतो. एवढ्यात सूनबाईच्या कपाळावर आठी पडली. "एक मिनिट. ठमी जर रोज त्यांच्याकडे जेवत होती, तर पिशवीतले दाणे कोणी संपवले?"

सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तपासणीत गेले," मी म्हणालो.

त्या हशाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगतो की डॉक्टरीण हसता हसता म्हणाली, "चढा काट्यावर," आणि मुलाने मला खरंच धरून चढवलं.

दुसऱ्या दिवशी पोटकलमांना माणसांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. एकटे जायला घाबरत होते. म्हणाले, आदेश वेगळा निघाला तर? डॉक्टरांनी त्यांचं पोट दाबलं, कागदपत्रं बघितली आणि पथ्य लेखी रद्द केलं. तो कागद पोटकलमांनी चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावलाय. सगळं छान झालं होतं. आम्ही उठतच होतो. तेवढ्यात डॉक्टर मला म्हणाले, "आलाच आहात तर तुमचंही ब्लडप्रेशर बघू."

बघायला नको होतं.

तर आता आमच्याकडे दुपारची व्यवस्था अशी आहे. टेबलाशी पोटकलम बसतात, ही त्यांना रस्सा वाढते आणि ते डोळे मिटून 'वहिनी, जरासा आणखी' म्हणतात. सूचनाफलक कोरा पडलाय. ठमीचे दाणे कुलपात असतात, आणि किल्ली नातीकडे असते. ती मुक्कामाला नसली की बाईंकडे. मी आणि ठमी मागच्या गॅलरीत शेजारी शेजारी बसतो. तिच्या वाटीत दाणे आणि वर उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा. माझ्या ताटात नुसताच तुकडा. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही, कांदा नाही. पुढील आदेश होईपर्यंत.

आणि कालच कळलं, ते डॉक्टर पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत.